एअरटाइम संपला म्हणजे नेमकं काय संपलं?

केळशीकरीण | १७ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, हसू नका.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा बोटीवर आहे. (आमच्याकडे नुसतं "बोटीवर" म्हणजे मालवाहू जहाजावर. मासेमारीवाला असेल तर "होडीवर" नाहीतर "ट्रॉलरवर".) आठ दिवस त्याचा फोन नव्हता. काल त्याच्या मित्राकरवी निरोप आला, "एअरटाइम संपलाय, पोर्टला लागलो की करतो." अक्काने तो चार वेळा वाचला आणि मला फोन केला. "अगो, हा बोटीवर आहे ना? मग विमानात कधी चढला? आणि एअर संपली म्हणजे काय, सिलिंडर लावलाय की काय त्याला?"

बॅलन्स संपला असेल, असं सांगून मी तिला गप्प केलं. पण तेवढ्यात खोपोलीच्या पार्कातून आलेली माझी लेक म्हणाली, "आई, शेवटच्या डब्यात काय भारी एअरटाइम होता!" आणि आतल्या खोलीत आमचे हे टीव्हीवरच्या चर्चेवर करवादत होते, "ह्या माणसाला किती एअरटाइम देतात!" एकाच घरात, एकाच रात्री, तीन एअरटाइम. मी मात्र अक्काला नीट सांगू शकले नाही.

तर ह्या शब्दाचे अर्थ किती, आणि मराठीत धड एक शब्द आहे का?

मोबाईलवाला_दादा | १७ मे, रात्री ९:३५

ताई, आमच्या दुकानात त्याला टॉकटाइम म्हणतात. माणगावात २००४ पासून रिचार्ज मारतोय, "एअरटाइम द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नाही. हा शब्द बिलावर असायचा. पोस्टपेडच्या जुन्या बिलात एअरटाइमची रक्कम वेगळी आणि लँडलाइनवर कॉल गेला की पीएसटीएनची वेगळी. म्हणजे हवेतून गेल्याचे पैसे निराळे आणि तारेतून गेल्याचे निराळे. थोरल्या मामांनी एकदा ते बिल घेऊन भांडण काढलं होतं, "हवेचे पैसे कोण घेतो?"

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा गर्दीच्या वेळेचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत होता. वर आलेल्या फोनचेही पैसे! १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याआधी ज्यांच्याकडे मोबाईल होता ते वाजला की आधी नंबर बघायचे, मग चेहरा पाडायचे.

इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलचं राज्य आलं. आमच्या गल्लीत ठरलेलं होतं: एक रिंग म्हणजे एसटीत बसलो, दोन म्हणजे स्टँडवर पोचलो, तीन म्हणजे आता तरी उचल. शून्य एअरटाइममध्ये सगळा संसार चालायचा.

शंभराचं कूपन खरवडलं तरी फी आणि टॅक्स जाऊन शंभराचा टॉकटाइम कधी पडायचा नाही, म्हणून सणाला "फुल टॉकटाइम"ची पाटी लावली की रांग. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मिनिटं मोजणं संपलं. आता सगळे फक्त व्हॅलिडिटी विचारतात.

मार्कोनीसाब | १७ मे, रात्री १०:२०

केळशीकरीणबाई, तुमच्या भाच्याचं मी सांगतो. मी रत्नागिरीचा, आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर. खलाशी आम्हाला "मार्कोनी साब" म्हणायचे. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी संकट-संदेश यंत्रणा जगभर पूर्ण लागू झाली आणि आमची जातच संपली, तो भाग वेगळा.

जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाईलचा टॉवर राहत नाही. मग उपग्रह. तुमचा भाचा बहुतेक क्रूसाठीच्या प्रीपेड कार्डावर बोलत असणार. कार्डावरचा पिन दाबायचा, घरचा नंबर लावायचा, मिनिटं उतरत जातात. ह्या मिनिटांनाच एअरटाइम म्हणतात. फोनचं यंत्र मालकाचं, त्यावरची मिनिटं खलाशाच्या खिशातली. हल्ली बऱ्याच जहाजांवर वायफाय आलंय. जागतिक सागरी कामगार कराराच्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तर मालकाने खलाशांना शक्य तिथवर इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असंच म्हटलंय. पण "शक्य तिथवर" ह्या दोन शब्दांत अख्खा हिंदी महासागर मावतो.

अक्कांना एक मात्र सांगून ठेवा. विषुववृत्ताच्या वर जे उपग्रह स्थिर दिसतात ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. माणसाला तेवढाही धीर नसतो. आई "जेवलास का?" विचारते, उत्तर आलं नाही असं वाटून पुन्हा "जेवलास का?" म्हणते, तेवढ्यात त्याचं "हो" येतं, ते दुसऱ्या प्रश्नाखाली चिरडतं, मग तो विचारतो "काय?" आणि दोघं एकदम गप्प होतात. मीटरला हे सगळं सारखंच. बोललात तरी मिनिट जातं, गप्प बसलात तरी जातं.

आमच्या काळी तर किनाऱ्यावरच्या बॉम्बे रेडिओ केंद्रामार्फत कॉल जोडायचो, केंद्राचा संकेत व्हीडब्ल्यूबी. कमीत कमी तीन मिनिटांचे पैसे, मग तुम्ही अर्ध्या मिनिटात रडून फोन ठेवलात तरी.

केळशीकरीण | १७ मे, रात्री १०:४१

मार्कोनीसाब, "जेवलास का"वाला संवाद आमच्याकडचाच ऐकून लिहिलात काय? अगदी तस्साच होतो. भांडण झाल्यासारखं वाटतं.

बंदरावरचा | १८ मे, सकाळी ६:०५

हर्णै. आत्ताच बंदरातून आलो. आमच्याकडे एअरटाइम फुकट आहे आणि तोच त्रास आहे.

वायरलेस म्हणजे व्हीएचएफ सेट. बटण दाबलं की तुम्ही बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका चॅनलवर एका वेळी एकच. १६ नंबरचं चॅनल हाक मारायला आणि संकटाला. हाक मारून झाली की दुसऱ्या चॅनलवर जायचं, असा नियम. पण होडी हाकणारे आमचे काही तांडेल सोळावरच जावयाची तक्रार, म्हावऱ्याचा भाव आणि काल रात्री कोणी किती घेतली, सगळं करतात.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. कुणाच्या तरी होडीवर माईक गादीखाली गेला आणि बटण दाबलेलं राहिलं. पाऊण तास अख्ख्या पट्ट्याला त्या होडीच्या इंजिनाची धडधड आणि मध्येच कोणीतरी कांदा चिरतोय, तो आवाज. आजूबाजूला पंचवीस-तीस होड्या, कुणाला बोलता येईना. त्याला सांगणार कसं? त्याचा सेट तर बोलण्यावर अडकलेला, त्याला ऐकूच येत नाही. शेवटी एक जण होडी जवळ घेऊन ओरडला. त्या पाऊण तासात कुणाच्या पंख्यात जाळं अडकलं असतं तर? त्या कांद्याची आमटी सगळ्यांना भोवली असती.

आता उपग्रहावर चालणारे ट्रान्सपाँडर येतायत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली, देशभरातल्या एक लाख होड्यांवर बसवायचे आहेत. त्यावर छोटे संदेश जातात आणि येतात, आवाज नाही. कांदा ऐकू येणार नाही एवढं नक्की.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, तेव्हा दोन महिने इथेच आहे. विचारा काय ते.

मार्कोनीसाब | १८ मे, सकाळी ७:५०

बंदरावरचे भाऊ, तुमच्या कांद्यावरून आठवलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या रेडिओरूममधल्या घड्याळाची तबकडी साधी नसायची. तिच्यावर केकाचे तुकडे कापावे तसे चार पट्टे रंगवलेले, दोन लाल, दोन हिरवे, प्रत्येक तीन मिनिटांचा. लाल पट्टे पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटांपाशी, ५०० किलोहर्ट्झच्या मोर्ससाठी, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशांसाठी. हिरवे तासाला आणि अर्ध्या तासाला, २१८२ किलोहर्ट्झवरच्या बोलण्यासाठी. काटा पट्ट्यात शिरला की त्या लहरीवर जगभरच्या सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि कान लावायचे. का, तर कुठेतरी कुणी बुडत असेल, त्याचा सेट क्षीण झाला असेल, बॅटरी शेवटची असेल, तर त्याचा आवाज गोंगाटात हरवू नये.

पहिल्या सफरीत मी वीस वर्षांचा. हेडफोन लावून बसलो होतो, कानात नुसता मोर्सचा बाजार. काटा पंचेचाळीसवर आला आणि तो बाजार एकदम थांबला. कुणी थांबवला नाही, आपसूक थांबला. तीन मिनिटं फक्त खरखर. भीती वाटली होती मला.

एअरटाइमचा हा अर्थ कुठल्या बिलात नसतो.

मध्यमलहरी | १८ मे, सकाळी ९:१५

वा, मार्कोनीसाब!

आमच्या धंद्यात ह्याच्या बरोबर उलट. मी आकाशवाणीवर काही वर्षं हंगामी निवेदक होतो. तिथे शांतता हा गुन्हा. "डेड एअर" म्हणतात. पाच सेकंद काही गेलं नाही तर श्रोत्याला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि ड्यूटी ऑफिसर आधी घड्याळाकडे बघतो, मग तुमच्याकडे. म्हणून टेबलावर एखादी वाद्यसंगीताची रेकॉर्ड कायम तयार. अर्धं मिनिट उरलं की सतार.

आमच्याकडे एअरटाइम म्हणजे प्रसारणवेळ. दिवसाचा आराखडा आधी कागदावर, त्याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणायचे. त्यात प्रत्येकाचा "चंक" ठरलेला: शेतीचा इतका, महिलांचा इतका, युवकांचा इतका. कोण किती हवा खाणार हे त्यात दिसायचं. शेतीवाल्यांचा चंक कापून बातम्यांना द्या, की दुसऱ्या दिवशी पत्रं.

एक मात्र आहे. वादळाचा इशारा आला की सगळे चार्ट बाजूला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेत म्हणेन. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा लांब जातात, त्यामुळे लांबवरच्या होडीवरही ट्रान्झिस्टर बोलायचा. तिथे तो एअरटाइम कुणी विकत घेतलेला नव्हता.

खरडेघाशी | १८ मे, दुपारी १२:४०

विकत घेतलेल्याचं मी सांगतो. मूळचा अलिबागचा, मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात.

टीव्हीवरचा एअरटाइम दहा-दहा सेकंदांनी विकला जातो. भावच "दहा सेकंदांना इतके" असा सांगतात. म्हणून जाहिराती दहा, वीस, तीस सेकंदांच्या असतात, सतरा सेकंदांची दिसणार नाही. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, दहा इतरांच्या जाहिरातींची आणि दोन चॅनलच्या स्वतःच्या. तुमच्या घरी किती चालतात ते घड्याळ लावून बघा आणि मग मला काही विचारू नका.

रेडिओवर हे आधी सुरू झालं. विविधभारती १९५७ ची, जाहिराती घ्यायला लागली १९६७ मध्ये, आणि पहिल्या झटक्यात मुंबई, पुणे, नागपूर. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो, ती प्रथा १९७७ पासूनची. तेव्हा केळशीकरीणताई, तुमचे "हे" ज्या एअरटाइमवर चिडतात तो निदान तिथे तरी मोजून मिळतो. खाजगी चॅनलवरच्या चर्चेत तो फुप्फुसाच्या ताकदीवर मिळतो.

आणि मोबाईलवाल्या दादांच्या मामांसाठी: "हवेचे पैसे कोण घेतो" हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मिरासदारी नव्हे. वाद होता सामने कोण दाखवणार ह्याचा. त्याच वर्षी जुलैत ज्योती बसूंचा फोन. लहरी सगळ्यांच्या ठरल्या आणि सहा महिन्यांत त्यांचं मीटर सुरू झालं.

मोबाईलवाला_दादा | १८ मे, दुपारी १:०२

मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग १९९८ चं बिल परत मिळेल का?"

शेवटचीसीट | १८ मे, संध्याकाळी ५:३०

लेकीचा एअरटाइम राहिलाच की! मी चिपळूणचा, शाळेत विज्ञान शिकवतो. टोपणनाव एसटीवरून घेतलंय.

पाळण्यात किंवा रोलर कोस्टरमध्ये डबा उंचवट्यावरून खाली वळतो तेव्हा शरीर मात्र सरळ जाऊ पाहतं. बूड सीटवरून सुटतं, पोटात गोळा येतो. त्या क्षणांना शौकीन लोक एअरटाइम म्हणतात. हळुवार तरंगवणारा तो फ्लोटर, सीटवरून उपटून काढणारा तो इजेक्टर. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, तिथला नायट्रो पाय लोंबकळत ठेवून फिरवतो.

तुमच्या लेकीला शेवटचा डबा का आवडला तेही सांगतो. पहिला डबा उंचवट्यावरून उतरायला लागतो तेव्हा मागची सगळी गाडी अजून चढावर असते, वेग कमी. शेवटचा डबा माथ्यावर येईतो पुढचे सगळे उतारावर धावत असतात आणि त्याला खेचून नेतात. म्हणून मागे एअरटाइम जास्त.

आमच्या लाल डब्यात शेवटच्या सीटचं कारण थोडं वेगळं. ती सीट मागच्या चाकांच्याही मागे असते, फळीचं मोकळं टोक असावं तशी. चाक उंचवट्यावर चढलं की टोक जास्त उसळतं. हिशेब करायचा तर २० मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा घ्या, ताशी ५० किलोमीटरला बूड सीटवरून सुटतं. ड्रायव्हर पोलादपूरला चहा पिऊन आलेला असेल तर कशेडी घाट उतरताना ५० सहज. मला आठवतंय, सहावीत असताना मी, माझी पिशवी आणि शेजारच्या आजीची कोंबडी, तिघंही एकाच वेळी हवेत होतो. कोंबडी सगळ्यात उशिरा खाली आली.

पंखेवाला | १८ मे, संध्याकाळी ६:१०

कोंबडीला इजेक्टर मिळाला म्हणायचा.

विमानाचं थोडक्यात. मी विमान दुरुस्तीत. आमच्याकडे दोन घड्याळं: विमान जागेवरून हललं ते पुन्हा जागेवर थांबलं, हा एक वेळ. वैमानिकाच्या वहीत हाच जातो. चाकं जमिनीवरून सुटली ते टेकली, हा दुसरा, हा खरा एअरटाइम. इंजिन आणि सांगाड्याच्या तपासण्या ह्या दुसऱ्यावर ठरतात. धावपट्टीच्या रांगेत विमान अर्धा तास उभं राहिलं तर वैमानिक दमतो, पण यंत्राच्या वहीत त्यातलं एक मिनिटही चढत नाही. सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईहून इथे येताना मुंबईच्या जमिनीवर जो वेळ जायचा तो प्रवाशाच्या खात्यात.

शब्दखुळा | १८ मे, रात्री ८:४५

सगळ्यांनी गोष्टी सांगितल्या, शब्द कुणीच दिला नाही. सावरकर रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, तिथे बसून भाषाशुद्धीचं काम केलं. त्याच मातीतले आपण आणि "टॉकटाइम" म्हणतोय. माझा प्रस्ताव: वायुकाल.

मोबाईलवाला_दादा | १८ मे, रात्री ८:५१

"दादा, माझा वायुकाल संपलाय." शेजारी मेडिकल आहे, तिथे पाठवतो.

शब्दखुळा | १८ मे, रात्री ८:५८

चेष्टा करणं सोपं असतं. मग नभोवेळ?

मध्यमलहरी | १८ मे, रात्री ९:२०

नभोवेळ ऐकायला बरा आहे, पण रेडिओपुरता. "आकाशवाणी" तरी कुणी समितीत बसून थोडाच केला? म्हैसूरला गोपालस्वामी नावाच्या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये स्वतःचं केंद्र काढलं, त्याला ते नाव दिलं, पुढे देशाने उचललं. आधी केंद्र होतं, मग नाव चिकटलं. शिवाय पुराणातल्या आकाशवाणीची ओळख सगळ्यांना होती. कंसाला ऐकू आली ती एका वाक्याची, तिने एअरटाइम काही फार घेतला नाही.

मला वाटतं, एक शब्द शोधायचाच नाही. रेडिओला प्रसारणवेळ आहे, फोनला टॉकटाइम रुळलाय, पाळण्यात "पोटात गोळा आला" ह्याहून चांगलं कोण सांगणार?

कणकवली_पॅसेंजर | १८ मे, रात्री १०:०५

अरे, डबलबारी कोण सांगणार?

भजनाचे दोन बुवा, दोन पखवाज, एक मांडव. आधी एक बारी म्हणतो, मग दुसरा. रूपावली, अभंग, गवळण, गजर, सगळ्यात सवाल-जवाब. वेळ वाटून दिलेला असतो, आयोजक घड्याळ घेऊन बसलेला असतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही. आमच्या गावात एका बुवाने गजर असा काही लांबवला की समोरच्याची बारी यायला पहाट झाली. तो बिचारा रात्रभर मांडी घालून बसलेला, शेवटी उठून म्हणाला, "बुवा, माका पण म्हणूक दिया, माझो कोंबडो आरवलो!" मांडव पडायचा बाकी होता हसून.

हा एअरटाइम कुठल्या खात्यात टाकणार, शब्दखुळाशेठ?

पोफळी | १९ मे, सकाळी १०:३०

गुहागरला होमस्टे चालवते. माझ्याकडे एअरटाइमवरून पाहुण्यांची रोज भांडणं असतात, फक्त त्यांना माहीत नसतं.

वायफायचा राऊटर पडवीत. पाच खोल्या. शेवटच्या खोलीत, दोन जांभ्या भिंतींपलीकडे, एखादे काका जुना फोन घेऊन बसले की पडवीतल्या मुलांचंही नेट रांगतं. मला वाटायचं मुलं थापा मारतात. मग राऊटर बसवायला आलेल्या पोराने समजावलं. वायफायलाही एका वेळी एकच जण बोलू शकतो, ह्या होडीवाल्या भाऊंच्या वायरलेससारखंच. राऊटर सगळ्यांना साधारण सारखे *नंबर* देतो, सारखा *वेळ* नाही. सार्वजनिक नळावर प्रत्येकाला एक हंडा भरायची मुभा आहे, पण एकाच्या हंड्याचं तोंड बारीक. तो तेवढंच पाणी घेतो, पण नळ अडवून धरतो चौपट वेळ. मागची सगळी रांग ताटकळते. नव्या राऊटरमध्ये "एअरटाइम फेअरनेस" अशी एक खूण असते, ती लावली की हंड्याऐवजी घड्याळ मोजतात.

मी ती लावली. मुलं खूश. काकांचं व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड अडकलं. मग मी काकांना पडवीतली खोली दिली आणि खूण काढून टाकली.

बंदरावरचा | १९ मे, सकाळी १०:५५

पोफळीताई, हेच. आमच्याकडे लांबच्या होडीचा आवाज आधीच बारीक येतो, तो दोनदा-तीनदा सांगतो. जवळचा ठणठणीत सेटवाला त्याच्यावरून बोलून जातो. नियमात दोघांचा हक्क सारखा.

शब्दखुळा | १९ मे, सकाळी ११:३०

"बारी" कसा वाटतो? कणकवलीकर उगाच हसवून गेले, पण मी रात्रभर त्यावर विचार केला. डबलबारीतली बारी, नळावरची बारी, वायरलेसवरची बारी. "माझी बारी संपली." बोटीवरच्या मुलालाही चालेल.

मध्यमलहरी | १९ मे, सकाळी ११:४२

शब्दखुळाशेठ, हा तुमचा पहिला शब्द ज्याला मी हसलो नाही.

शेवटचीसीट | १९ मे, दुपारी १२:१०

कोंबडीला लागू होत नाही. बाकी मान्य.

केळशीकरीण | २४ मे, रात्री ९:३०

मंडळी, फोन आला! जहाज बंदराला लागलं, पण त्याला खाली उतरायला मिळालं नाही. मग कुणाकडून तरी नवं कार्ड घेऊन बोटीवरूनच केला. मी योगायोगाने अक्काकडेच होते.

मार्कोनीसाबांचं पाव सेकंदाचं मी तिला आधीच समजावलं होतं. "तुझं बोलून झालं की थांब, त्याचं खाली यायला वेळ लागतो." तिने ते इतकं मनावर घेतलं की एकेक वाक्य बोलून ती फोनकडे बघत बसायची, आणि तोही आईचं संपलं की नाही म्हणून थांबायचा. मी पलीकडून खुणा करतेय, बोल, बोल! एकदा तर घड्याळाचे ठोके ऐकू आले, इतकं शांत.

मग तिला परसातला फणस आठवला आणि गाडी सुटली. कुठल्या फांदीला किती लागले, माकडांनी किती नेले, शेजारणीला दिला तो कसा निघाला, गऱ्यांचं काय केलं, आठळ्या कुठे वाळत घातल्यात. मध्येच कार्ड संपलं आणि फोन कट.

मार्कोनीसाब | २४ मे, रात्री ९:४४

कार्ड किती मिनिटांचं होतं?

केळशीकरीण | २४ मे, रात्री ९:५०

अकरा. त्यातली सात फणसाला गेली.

बंदरावरचा | २४ मे, रात्री ९:५२

कापा की बरका?

केळशीकरीण | २४ मे, रात्री ९:५८

बरका. तो बरका खात नाही, लहानपणापासून. पण कार्ड संपेपर्यंत "आणि मग?", "आणि मग?" करत होता.